पिशवी ३८६१ मधला बाण

१४ जानेवारी

शीतखोलीत उणे एकवीस. बाहेर कोपनहेगनात पाऊस. सोल्वाय काचेवर टकटक करत राहिली, म्हणून करवत बंद करून बाहेर गेलो. पोरीचा प्रबंध फेब्रुवारीअखेर द्यायचा आहे, पण चेहरा असा की जणू सुट्टी लागली.

"एगॉन, हे बघ. माझं चौथं प्रकरण!"

पिशवी ३८६१. दोन किलोमीटर खालून काढलेला पंचावन्न सेंटिमीटर बर्फ, त्यात चाळीसेक हजार वर्षांपूर्वीची पन्नास-साठ वर्षं. बर्फात जड पाणी जितकं कमी, तितकी तेव्हा थंडी जास्त – एवढ्यावर आम्हा सगळ्यांचं पोट. आणि ग्रीनलंडचा स्वभाव सगळ्यांना पाठ आहे: एकदम तापतं, मग सावकाश निवतं. माझ्या सासऱ्यांसारखं. हिच्या आलेखात मात्र उलटं. हळूहळू तापलं आणि पाच वर्षांत गारठलं. असं कुणी पाहिलेलं नाही. बेर्गन विद्यापीठातली नोकरी हिला यावर मिळणार, असं आमचा साहेब अस्गर म्हणतो.

मी म्हटलं, छान. परत कापायला गेलो.

१५ जानेवारी

सकाळी पावावर लिव्हरपेस्ट लावताना लक्षात आलं. तुकडा उलटा मोजला गेला असेल, तर तिचा आलेख फिरवला की अगदी नेहमीसारखा होतो. दोन्ही टोकं सारखीच थंड, त्यामुळे शेजारच्या तुकड्यांशी जुळतो. कुणाला कळायचं नाही.

तुकडे मी कापतो.

१६ जानेवारी

जुनी वही काढली. तीन वर्षांपूर्वीचा १२ ऑक्टोबर. प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, लांबी, आणि पुढे पेन्सिलीने वरची बाजू दाखवणारा बाण. पट्टी कापली की तिच्यावरही तोच बाण. हजारो ओळी आहेत. बाण नाही अशी एकच.

३८६१.

त्याच तुकड्यातली धूळ मोजायची पट्टीही मी त्याच वेळी कापली. म्हणजे तीही उलटीच असणार, ताळा पाहायला तिचा उपयोग शून्य.

१७ जानेवारी, शुक्रवार

आमच्याकडे जो चुकतो त्याने शुक्रवारी केक आणायचा. सगळ्यांसमोर चूक सांगायची, लोक हसतात, केक खातात, विषय संपतो. आज अस्गरचा होता – नमुने चुकीच्या खोक्यात घातले म्हणून. दुकानातला. माफी पण दुकानातलीच.

मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. सोल्वाय म्हणाली, "बरं नाही का रे?" चोराच्या मनात चांदणं. म्हटलं, दाढ दुखते.

१९ जानेवारी

कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. १२ ऑक्टोबरला ३८६१ मेजावर असताना इस्पितळातून फोन आला. माझ्या बायकोच्या, बोडिलच्या तपासणीचा निकाल. मी दारात उभा राहून ऐकलं, "बरं" म्हटलं, दोनदा म्हटलं, आत आलो आणि राहिलेले सात तुकडे कापले. घरी जाऊन तिला काय सांगायचं ते ठरत नव्हतं, म्हणून कापत राहिलो. एप्रिलमध्ये ती गेली.

त्या दिवशी मी कुठला तुकडा कसा धरला, मला आठवत नाही. काहीच आठवत नाही. फक्त हातमोजा ओला होता.

२४ जानेवारी

गेलो नाही. दाढ.

३० जानेवारी

नारळाचा तपकिरी केक केला. बोडिलचा. खाली थोडा करपला.

३१ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं. कुणी हसलं नाही. फोनचं मात्र सांगितलं नाही, फक्त वहीत बाण नाही एवढंच.

"नक्की उलटा आहे?" सोल्वायने विचारलं.

"नक्की नाही."

"ठेवणीतला तुकडा? त्यावर बाण असेल ना?"

"तो ग्रीनलंडच्या छावणीतच आधी वेगळा कापलाय, बाणासकट. पण तिथेच आहे, बर्फाखालच्या खंदकात. विमान मेमध्ये."

अस्गर म्हणाला, "शंका असलेलं प्रकरण आपण देत नाही." तो म्हणतो ते बरोबर आहे, त्याचाच राग येतो.

सोल्वायने तिच्या वाटणीचा केक पूर्ण खाल्ला. "केक चांगला झालाय, एगॉन," म्हणाली, आणि उठून गेली. मला रडू येईल असं वाटलं. भांडी घासली.

२८ फेब्रुवारी

प्रबंध दिला तिने. तीन प्रकरणं.

२६ मार्च

बेर्गनने दुसऱ्याला घेतलं. त्यांना काहीतरी नवीन हवं होतं. अस्गर कळवळून म्हणाला, "नशीब." नशीब कसलं, मी!

११ एप्रिल

तिचा प्रबंध पास झाला. परीक्षकांनी तीन तास विचारलं, तिने न अडखळता सांगितलं. नंतर पेले हातात घेऊन सगळे उभे होते, तेव्हा ती माझ्यापाशी आली.

"तू सांगितलंस ते बरं केलंस. खोट्या आलेखावर नोकरी मिळाली असती, तर जन्मभर टोचलं असतं."

मग तिला फोनचं सांगितलं. बोडिलचं. सगळं. तिने माझा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बरं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

ऑगस्टपासून ती होल्बेकच्या शाळेत भूगोल शिकवणार. संशोधन सोडलं म्हणते. "मुलं तरी सरळ उभी असतात." मी हसलो. हसायला नको होतं.

२ मे

निवृत्तीचा अर्ज दिला. अस्गर म्हणाला, "अरे, एका चुकीसाठी?" म्हटलं, वय झालं.

२० मे

छावणीतून खोकी आली. ३८६१ चा ठेवणीतला तुकडा मीच उघडला. बाण स्पष्ट आहे, काळ्या शाईचा. पट्टी कापली, दोनदा ताडून पाहिली, मोजायला दिली.

२३ मे

हळूहळू चढ. मग पाच वर्षांत उतार. तिचाच आलेख, जसाच्या तसा.

त्या दिवशी माझे हात चुकले नव्हते. आता सोल्वायला फोन करायचा आहे. या वेळी चूक खरंच माझी आहे.