बुधवारचा भाव

मी, यीप सुएत फोंग, वय बहात्तर, शेअरदलालाच्या पेढीत भावांचे आलेख काढून निवृत्त झालेली, राहणार इपोह, कोणाच्याही दडपणाविना लिहून देते की, गुडघे सोडले तर माझे सारे काही जागेवर आहे. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती खोटी नव्हती, अर्धी होती.

१. राहता फ्लॅट माझी थोरली बहीण सुएत न्गो हिला. दार पावसाळी हवेत फुगते, खांद्याने ढकलावे. भावोजींनी तिथे राहायला हरकत नाही, पण बाल्कनीत पक्ष्यांचे पिंजरे टांगू नयेत.

२. बँकेतली शिल्लक ताईची मुलगी वाय मुन हिला. पेढीचे मालक मिस्टर लोक यांना माझी जुनी खुर्ची द्यावी. एकतीस वर्षे मी तीवर बसले. आता त्यांनी बसून बघावे.

३. हिरवी वही ताईला. हे कलम लिहायला मला सत्तावीस वर्षे लागली.

१९९६ साली ताईचे कोंबडी-भाताचे दुकान होते. एकदा ती हात पुसत पेढीत आली. एका प्लायवुड कंपनीचे शेअर तिला घ्यायचे होते. "ए पेन्सिलवाली, हा शेअर थंड डोक्याचा आहे का माथेफिरू? दुकान तारण ठेवतेय, खरं सांग."

भिंतीवर माझा आलेख होता, दर शुक्रवारच्या बंद भावाचा. त्या मापाने वर्षाचा चढउतार शेकडा बारा. ड्रॉवरमध्ये हिरवी वही होती: शेअर तोच, भाव रोजचा. त्या मापाने शेकडा चौऱ्याऐंशी. आठवड्याच्या मध्ये भाव डुबकी मारी आणि शुक्रवारी अंग पुसून जागेवर बसलेला असे. एका वर्षात अकरा वेळा. दोन्ही आकडे मीच काढले होते.

"थंड आहे. भिंतीवर बघ की," मी म्हणाले.

ताईने जन्मात पहिल्यांदा मला काही विचारले होते आणि मला मिरवायचे होते. दलालीतला वाटाही हवा होता, तेही लिहिते.

तेरा नोव्हेंबर, बुधवार. भाव चार रिंगिट दहावरून तीन पंचेचाळीसवर आला. उधारीवर घेतलेल्या शेअरचा भाव ठरलेल्या रेषेखाली गेला म्हणून पेढीने ताईचे शेअर न विचारता, तोट्यात विकले. दुकान गेले. शुक्रवारी भाव पुन्हा चार दहा. माझ्या आलेखावर काही घडलेच नाही.

जेवणाच्या टेबलावर भावोजी ताईवर ओरडले, "पांढऱ्या पायाची! वर्षभर न हललेला शेअर, हिनं हात लावला आणि पडला!" सगळे माझ्याकडे बघू लागले. तेव्हा तरी बोलायचे. मी म्हणाले, "हो ना, आलेखात तर तो हललाच नव्हता. नशीब एकेकाचं."

तेव्हापासून ताई लग्नात मागे उभी राहते. लेकीने घराच्या कागदावर सही केली तेव्हा ती रस्त्यावर थांबली. वाय मुनचे बाळ तीन महिन्यांचे झाले. ताईने अजून त्याला मांडीवर घेतलेले नाही. ताई, हे माझे पाप आहे. तुझ्या पायाचा रंग मी माझ्या शाईने ठरवला.

४. माझ्यामागे कागदी बंगला, मोटार काही जाळू नये. तो आलेख जाळावा. जाळलेला कागद मेलेल्याला पोचतो म्हणतात; मलाच पोचू दे.

५. कलम तीन सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे. भावोजींना पुढे बसवावे.

सही: यीप सुएत फोंग
इपोह, बुधवार, १५ नोव्हेंबर २०२३

साक्षीदार: होर काम लोय, निवृत्त न्हावी
परमेस्वरी नडेसन, शेजारीण

साक्षीदाराची नोंद: सही झाल्यावर, मरेपर्यंत कशाला थांबायचे म्हणत, सुएत फोंग यांनी बहिणीला बोलावून कलम तीन आमच्यासमोर स्वतः वाचले. बहिणीने वही मागितली आणि बोट ठेवून एकेक तारीख मोजली. मग विचारले, "म्हणजे मी हात लावायच्या आधीही तो पडतच होता?"

"अकरा वेळा, ताई."

थोरल्या बहिणीने वही मिटली. मोरीवर जाऊन हात धुतले आणि वाय मुनला फोन लावला: "बाळाला घेऊन ये."
— परमेस्वरी