उन्हाचे मीटर-वाचन

आदरणीय साडूभाऊ रत्नाकरराव यांस,
सादर नमस्कार.

मी, प्रल्हाद केशव देशकर, बी.कॉम., खमरियाच्या कारखान्यातील भांडारप्रमुख आणि पत्नीच्या मूगवडी उद्योगाचा बिनपगारी कागदपत्र-अधिकारी, केवळ आपले क्षेमकुशल विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. यात कोणतीही मागणी नाही. नागपूरच्या हवेत आपला गुडघा सुधारला असेल. आमचे गुडघे ठीक आहेत; डोके नाही.

जर्मनीतील एका दुकानदाराने सुमित्राच्या वड्या चाखून ऐंशी किलो मागवल्या. बावीस वर्षांतली तिची ही पहिली परदेशी मागणी. अट एकच: माल कमी कर्ब-उत्सर्जनात तयार झाल्याचा दाखला. अर्जात ऊर्जास्रोतापुढे मी स्वच्छ अक्षरात ‘ऊन’ असे लिहिले. अर्ज परत आला. निर्यातीचा दलाल विपुल (वय सव्वीस, समजावण्याची पद्धत साठीची) म्हणाला, "काकाजी, धूप तो ठीक है, पर उसका मीटर रीडिंग लगाइए." सूर्याला मीटर नाही, हा दोष आजवर आमच्या ध्यानात आला नव्हता.

तेव्हा गच्चीभर सौर पॅनेल बसवली. वड्या घालायला जागा उरली नाही, म्हणून त्याच पॅनेलांवर चालणारे वाळवणयंत्र आणले. त्यातल्या वड्या बाहेरून दगड, आतून चिखल (गल्लीतल्या गायीने हुंगून सोडल्या, ती गाय वर्तमानपत्रही खाते). चिडून सुमित्राने पुढच्या वड्या थेट पॅनेलांवर घातल्या. वड्या उत्तम वाळल्या, यंत्र मात्र बंद पडले आणि मीटर जागचा हलेना. वर मलाच म्हणाली, "ऊन फुकट तापून राहिलं, अन् तुम्ही त्याला वायरीत कोंडून पुन्हा माझ्याच वड्यांवर सोडता. काहून जी?" वाणिज्य शाखेत याचे उत्तर शिकवलेले नाही.

माल पाठवण्यास एकोणीस दिवस उरले आहेत. दुकानदाराला चव उन्हाची हवी आणि दाखला यंत्राचा.  सुमित्रा रोज दिवस मोजते.

आपला,
प्रल्हाद

ता.क. १: मागणी नाही, हे विधान मुख्य पत्रापुरते समजावे. आपल्या जबलपुरातल्याच गोरखपूर भागातील बंद घराची गच्ची महिनाअखेरपर्यंत वड्यांसाठी मिळावी. इकडे यंत्र रिकामे चालवून मी मीटरचे वाचन घेईन. अर्जात यंत्र किती तास चालले एवढेच विचारले आहे, आत काय होते हे नाही. माझ्या सहीखाली एक अक्षरही खोटे जाणार नाही.

ता.क. २: सुमित्राने मंगळवारीच कुलूपवाला नेऊन आपले कुलूप काढवले, पहिली खेप आज वाळली. आपल्या सौ. शैलजाताईंनीच बहिणीला फोनवर तसे सांगितले होते असे समजते. तरी आपली परवानगी ८ एप्रिलपासून लागू असल्याचे लेखी कळवावे, म्हणजे कागद पूर्ण होतील.

(सही) प्र. के. देशकर
नेपियर टाउन, जबलपूर
११ एप्रिल २०२५