एकही फ्रेम गळाली नाही

चि. सौ. खारूस,

मामाचे भरभरून आशीर्वाद. तू, जावईबापू आणि आमची छोटी सुखरूप असाल असं धरून चालतो. (विचारण्यात अर्थ नाही. फोनवर विचारलं की तू ‘मजेत’ म्हणतेस, तुझे बाबा ‘ठीक’ म्हणतात आणि या दोन शब्दांवर आपलं घर वर्षानुवर्षं चाललंय.) इकडे ताईचे गुडघे कुरकुरतात, पण ताईपेक्षा कमी. भाऊजींची तब्येत तशी ठणठणीत, डोळ्यांचं तुला माहीत आहेच. उजवा गेल्यात जमा, डाव्याचं ऑपरेशन येत्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नीट झालं तर छान दिसेल. नीट नाही झालं तर काय, हे विचारायला आम्ही तिघं मुद्दाम गेलो होतो आणि तिघांपैकी एकानेही विचारलं नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मला सहज खोटं बोलता येतं आणि कागदावर जीभ, म्हणजे पेन, अडखळतं. म्हणून पत्र.

गेल्या महिन्यात तू मला एकच काम सांगितलंस. ऑपरेशनच्या आधी बाबांची गेममधली एक पूर्ण फेरी रेकॉर्ड करून ठेव, छोटीला दाखवायचीय आजोबा बस कशी चालवायचे. एवढंच. ते मी बिघडवलं, खारू. कसं बिघडवलं ते आता सविस्तर सांगतो, म्हणजे नेमक्या कुठल्या जागी मला शिव्या घालायच्या ते तुला ठरवता येईल.

तुझ्या बाबांचा तो बस चालवायचा गेम तू पाहिलेला नाहीस. तू दिलेलं स्टिअरिंग त्यांनी टेबलाला असं आवळून बसवलंय की टेबल हलवायचं तर आता संगणकही हलवावा लागतो. आयते रस्ते त्यांना पसंत पडले नाहीत. आठ महिने बसून त्यांनी स्वतःचा जुना मार्ग गेममध्ये तयार केला. बाराच्या बारा थांबे. चपलांच्या दुकानाचं अर्धवट ओढलेलं शटर, वळणावर वाकलेला दिव्याचा खांब, सातव्या थांब्याआधीची तुझ्या शाळेची लांबच लांब भिंत, सगळं. खेळायला बसताना ते बूट घालतात. (ताईला घरात बूट चालत नाहीत आणि भाऊजींना ब्रेकवर चप्पल चालत नाही. रोज भांडण, रोज बूट.) आणि खेळताना अखंड बडबडतात. थांब्यांची नावं पुकारतात, स्कूटरवाल्यांना झापतात, उतारूंना मागे सरका म्हणतात. आम्ही दोघांनी ते ऐकणं केव्हाच सोडून दिलंय.

काम तू माझ्यावर का सोपवलंस तेही मला कळतं. चौतीस वर्षं थेटरात प्रोजेक्टर चालवलेला माणूस, फ्रेम म्हणजे काय हे याला शिकवायला नको! फिल्म तुटली की दोन-चार फ्रेम कापायच्या, सांधा मारायचा, खाली शिट्ट्या सुरू व्हायच्या आत पडदा पुन्हा उजेडात. माझ्या कात्रीखालून किती नायिकांचे निरोप अर्धवट गेले असतील कुणास ठाऊक. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. चौतीस वर्षांत मी एकही सिनेमा पाहिला नाही. ऑपरेटरने मशीनकडे बघायचं असतं, पडद्याकडे नाही. आणि केबिनमध्ये खडखडाट इतका, की संवाद कसले ऐकू येतात!

तर पहिलं रेकॉर्डिंग केलं आणि लावून पाहिलं. तिसऱ्या थांब्यावरून बस निघाली, गचके खात गोठली, आणि पुन्हा हलली तेव्हा पाचव्यावर. चौथ्या थांब्यावरचे लोक हात करून तसेच राहिले. भाऊजींचा चेहरा असा पडला, की विचारू नकोस. म्हणाले, “बत्तीस वर्षांत एक थांबा सोडला नाही मी, आणि नातीला हे दाखवणार?” रेकॉर्डिंगच्या खिडकीत खाली एक आकडा असतो, किती फ्रेम गळाल्या त्याचा. तो हजारांत होता.

मग संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावलं. (ताई त्याला फुंकरवाला म्हणते, कारण कुठल्याही दुखण्यावर तो आधी ब्लोअर काढतो.) त्याने निदान केलं ते असं, की बिचारं यंत्र एकाच वेळी गेमही चालवतंय आणि त्याचं चित्रीकरणही करतंय, दम लागतो आणि मग ते फ्रेम टाकून देतं. त्यात ताईने डब्यावर लोकरीचं विणलेलं कव्हर घातलेलं, धूळ बसू नये म्हणून. हवा जायच्या सगळ्या जाळ्या बंद! कव्हर काढलं तेव्हा ताईने अशी मान वळवली, जणू मी तिचाच स्वेटर ओढला. आतून निघालेल्या धुळीवरून मात्र कव्हराचा उपयोग काय होता हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या रेकॉर्डिंगला आकडा शेकड्यांवर आला. कारण नवंच निघालं. मी जागा वाचवायला रेकॉर्डिंग जुन्या बाहेरच्या डिस्कवर लिहीत होतो आणि ती डिस्क माझ्याच वयाची, लिहिता लिहिता विसावा घेणारी. ते आतल्या डिस्कवर घेतलं. गेमला सेकंदाला जमतील तितक्या फ्रेम काढायची मोकळीक होती, ती बंद केली. रेकॉर्डिंग साठ फ्रेमवरून तिसावर आणलं. (सेकंदाला साठ! आम्ही चोवीसात लोकांना रडवायचो.)

तिसरं रेकॉर्डिंग लोण्यासारखं झालं. आकडा शून्य. मी माझ्या सवयीने आवाज बंद करून ते तपासलं, आणि सहाव्या थांब्यानंतर, शाळेच्या भिंतीपाशी, चित्र ठप्प! बस जागच्या जागी, भिंत जागच्या जागी. जवळजवळ अर्धा मिनिट. मग पुन्हा सुरळीत. आधीच्या दोन्ही रेकॉर्डिंगमध्येही ते तिथेच अडकलं होतं, पण तेव्हा ते सगळीकडेच अडकत होतं, म्हणून लक्षात आलं नव्हतं. आकडा शून्य म्हणतो म्हणून काय झालं? माझे डोळे काय गहाण पडलेत? मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. भाऊजी म्हणत होते, असू दे रे, चालेल. मी म्हटलं, माझ्या हातून अडकलेलं चित्र बाहेर जाणार नाही. नको तिथे नडला माझा मानीपणा.

आता चौथं, म्हणजे शनिवारचं. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन पूर्ण बंद केली आहे, तेव्हा ही शेवटचीच संधी होती. फुंकरवाला सकाळीच येऊन पुन्हा एकदा फुंकून गेला, सगळ्या वायरी काढून परत लावल्या. मी यंत्रावरचा भार आणखी हलका केला. रेकॉर्डिंग चालू असताना एक छोटं चित्र दिसत असतं, काय रेकॉर्ड होतंय ते दाखवणारं. तेही बंद करून टाकलं. भाऊजींनी बूट घातले, इस्त्रीचा शर्ट घातला, मोठ्या स्क्रीनसमोर बसले. मी शेजारी, छोट्या स्क्रीनवर, त्या आकड्यावर डोळे लावून. पाऊण तास मी मान वळवली नाही. शून्य. शून्य. शून्य. बाराव्या थांब्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि विचारलं, “कशी झाली?” मी म्हटलं, “भाऊजी, एकही फ्रेम गळाली नाही!” ते इतके खूश झाले, की बूट काढायला विसरले आणि ताईने त्यांना बुटांसकट चहा दिला.

संध्याकाळी फाइल उघडली. वायरी परत लावताना दोन स्क्रीनचे नंबर उलटसुलट झाले होते. पाऊण तास रेकॉर्ड झाली होती माझी छोटी स्क्रीन. त्यात एक करडी खिडकी, आणि खिडकीत एक शून्य. न हलणाऱ्या चित्राच्या फ्रेम गळतील कशाला? भाऊजींनी ती फेरी एका अधू डोळ्याने चालवली आणि ज्याला दोन्ही डोळ्यांनी धड दिसतं तो मी शेजारी बसून शून्य बघत होतो. ती कुणीच पाहिली नाही, खारू. मला फार वाईट वाटतंय. जेवणात लक्ष नाही.

ताईला तुझा साष्टांग सांगतो, जावईबापूंना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा नालायक
मामा

ता. क. : ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहायचंच राहिलं. भाऊजींना मी खरं सांगितलेलं नाही. रेकॉर्डिंग तुला पाठवलं असं त्यांना वाटतंय. ते मंगळवारच्या आत फोन करून विचारतील. तेवढं ‘पाहिलं, सुंदर आहे’ म्हण. अडलंच तर चपलांच्या दुकानाच्या शटरचं कौतुक कर.

ता. क. २ (दुसऱ्या दिवशी) : वरची ता. क. रद्द समज. पाकीट चिकटवण्याआधी वाटलं, चित्र नाही तर निदान आवाज तरी आहे का बघावं. आहे, सगळाच्या सगळा आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी फक्त ऐकत बसलो. सहाव्या थांब्यानंतर गिअर खाली येतो, ब्रेक लागतो आणि भाऊजी म्हणतात, “उतर, बाळा. सावकाश जा.” मग नुसतं इंजिन. एकतीस सेकंद. चित्र अडकलं नव्हतं गं. ते थांबायचे. तिसरं रेकॉर्डिंग अगदी चोख होतं आणि ते मी पुसलं.

मी विचारलं त्यांना. तिथे तर थांबा नाही, गेम गुण कापतो, मग का थांबता? म्हणाले, “तिला शाळेच्या दारात उतरायला आवडायचं नाही. मैत्रिणींना कळेल म्हणायची, बस बाबा चालवतात म्हणून. मग भिंतीपाशी सोडायचो. आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत गाडी पुढे काढायची नाही, नाहीतर तिच्या शेजारूनच जावं लागलं असतं.” एवढं सांगून चहा मागितला. राग नाही, काही नाही. गाडीच्या वेळापत्रकाबद्दल बोलावं तसं.

तेव्हा फोनवर काही बोलू नकोस. मंगळवारच्या आत दोन दिवसांसाठी ये, छोटीला घेऊन ये. स्टिअरिंगवर तू बस. त्यांना स्क्रीन बघायची बंदी आहे, शेजारी बसायची बंदी नाही, डोळे मिटून ते तुला सगळा मार्ग सांगतील. भिंतीपाशी थांबू नकोस. बस थेट शाळेच्या दारात उभी कर आणि सांग त्यांना, कुठे आणलीय ते. रेकॉर्डिंग मी करणार नाही. या खेपेला मी बघणार आहे.