कारध्याचं जाळं, नागपूरची मशीन

कारधा, १० एप्रिल

चि. तृप्तीस काकाचे अ. आ.

इथं सारे खुशाल, एक जाळं सोडून. नायलॉनचं मजबूत जाळं, आन् आता हात लावला का पापडावानी तुटते. हे काम धनीरामचंच! मागच्या वर्षीच्या होळीले एका वाम मासोळीवरून आमची वाजली. तवाच मी त्याच्या छपरीतली आपली जाळी उचलली आन् घरच्या टिनावर घडी करून पसरवली, नजरेसमोर राहतीन म्हणून. तरी त्यानं गुपचूप अ‍ॅसिड टाकलंच.

पुढच्या मीटिंगमधी त्याले मच्छीमार सोसायटीतून काढाचा ठराव मांडतो. मंग तलावात पाय तं टाकून दाखव म्हणा! पण तुझी तुळसाकाकू म्हणते, सबूत नसन तं तोंड बंद ठेवा. तू कालेजात सडक्या वस्तूंचं पोस्टमार्टम करतेस ना, म्हणून तुकडा पाठवून राहिलो. ‘अ‍ॅसिड’ लिहून शिक्का मार. फोन नको, सोसायटीले कागद लागते.

काकावर भरोसा ठेव.
हिरालाल

नागपूर, २ मे

ती. काकांस सा. न.

शिक्का मारायला मी काय तलाठी आहे? इन्फ्रारेड मशीनवर धागा तपासला. वरच्या बाजूला नायलॉन जळाल्याच्या खुणाच खुणा, घडीच्या आत धागा ठणठणीत. अ‍ॅसिड असतं तर आतही झिरपलं असतं. खात्रीसाठी नव्या जाळ्याचा तुकडा आमच्या पेटीत, उन्हासारख्या दिव्यांखाली ठेवला. त्याच खुणा, तसाच पापड!

काका, जाळं उन्हानं खाल्लं. आणि उन्हाला टिनावर जेवायला तुम्हीच बसवलं. धनीरामकाकांच्या छपरीत सावली होती. त्यांच्या खांद्यावर बसून मी वैनगंगेचा पूर पाहिला आहे, अन् तुम्ही त्यांची चूल विझवायला निघालात? मला खूप राग आला आहे. हा कागद मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचा.

रागावलेली, तरी तुमचीच,
तृप्ती

कारधा, १५ मे

चि. तृप्तीस अ. आ.

दोन दिवस उन्हाले शिव्या देल्या, त्यानं मनावर नाही घेतलं. मीटिंगमधी कागद वाचला, तुळसा बाजूलेच उभी होती, करता काय! सारे हासले. धनीराम तेवढा नाही हासला. उठून चालला गेला. मले लय वाईट वाटलं पोरी, जेवण गेलं नाही.

सकाळी पायतो तं गडी आमच्या टिनावर! उरलेलं जाळं खाली ओढत म्हणे, अक्कल तं वाळवलीस, हे तरी सावलीत ठेव. खांद्यावर टाकून घेऊन गेला आपल्या छपरीत. मी त्याच्या मागं गेलो. च्या पेलो.

एक काम कर. वाम कोणाच्या जाळ्यात आली होती हे सांगणारी मशीन तुमच्या कालेजात असन, तं कोणाले सांगू नको.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा काका