लिफ्टसाठी बिननेत्याचं आंदोलन

३ जून, मंगळवार
लिफ्ट बंद पडून दुसरा महिना. आईचे गुडघे गेलेले. सहाव्या मजल्यावरून ती खाली उतरलेलीच नाही. मालक फोन उचलत नाही. आता बस्स! आंदोलन. पण नेता नको. नेता दिसला की मालक त्याला चहा पाजून फोडतो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. सगळेच अ‍ॅडमिन. माझं नाव फक्त वर, 'संकल्पना' म्हणून.

४ जून
कोणी कोणाला आदेश द्यायचा नाही, असा सक्त आदेश दिला. बायको म्हणाली, सरळ सगळे मिळून मालकाच्या ऑफिसात जा की. तिला विकेंद्रीकरण कळत नाही.

६ जून
तळमजल्यावरच्या शिंप्याने ग्रुपचं नाव 'ब्लाउज एका दिवसात' केलं. हेडमास्तरांनी (तिसरा मजला, रिटायर्ड) त्याला काढलं. शिंप्याच्या मेव्हण्याने हेडमास्तरांना काढलं. मी मध्ये पडलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. शिवाय तोवर मलाही काढलं होतं. संध्याकाळी बायकोने सगळ्यांना परत घेतलं.

९ जून
ठरलं! शनिवारी सकाळी दहाला मालकाच्या ऑफिसवर धडक. ग्रुपवर नुसते अंगठेच अंगठे. आईने विचारलं, तू जाणार आहेस ना पण? म्हटलं, सगळे जाणार.

१४ जून, सकाळी १०
पहिला पोचेल तो आपोआप नेता ठरणार. म्हणून गादीवरूनच 'निघालो' टाकलं. शिंपी: निघालो. हेडमास्तर: निघालो. मग धडाधड सगळेच. अंगावर काटा आला.

दुपारी १२
गॅलरीतून पाहिलं. शिंप्याचं मशीन चालू. हेडमास्तर झाडांना पाणी घालताहेत. लोकांना शिस्त म्हणून नाही.

१७ जून
अंघोळ करून आलो तर घर रिकामं. आईची खुर्चीपण गायब. बायकोने परतल्यावर सांगितलं ते असं: आईने जिन्यात उभं राहून हाका मारल्या. मजल्यामजल्यावरून माणसं आली. शिंपी आणि हेडमास्तरांनी तिला खुर्चीसकट खाली नेलं, ते थेट मालकाच्या टेबलापुढे ठेवलं. लिफ्ट सुरू होईपर्यंत इथून हलणार नाही, म्हणाली. संध्याकाळी मेकॅनिक हजर, रात्री आई लिफ्टनेच वर.
मला का नाही बोलावलं? बायको म्हणाली, बाथरूमचं दार वाजवलं होतं, तुम्ही आतून 'निघालो' म्हणालात.

१८ जून
लिफ्ट सुरू! नेत्याविना आंदोलन यशस्वी. माझा सिद्धांत तंतोतंत खरा ठरला. आईला लिफ्टने खाली नेताना सहज विचारलं, मालक काय म्हणत होता? म्हणाली, तुमचा पुढारी कोण, असं सारखं विचारत होता.
मग?
कोणी नाही, असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं म्हणे.
नियमाप्रमाणे बरोबरच आहे. पण निदान आईने तरी माझं नाव घ्यायला हवं होतं.