चिकटवलेलं अक्षर

प्रिय डेल्मरदादा,

१८९३चा तो चांदीचा डॉलर मला तीन हजार डॉलरना आणि तुझ्याशी नऊ वर्षांच्या अबोल्याला पडला. रीनोच्या नाणे-बाजारात तू म्हणालास, "लाईल, भिंगातून बघ की रे आधी." विकणाऱ्यासमोर मी तुला हसलो, "भिंग तुझ्यासारख्यांना, दादा. मला नाणं कानानं कळतं." आणि काउंटरवर वाजवून घेऊन टाकलं.

आज तपासणाऱ्या बाईंनी ते द्रावणात बुडवलं. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचं चिमुकलं 'एस' अक्षर सुटून तळाशी गेलं. सगळी किंमत त्या अक्षराचीच होती. हे पत्र माझ्यानं टपालात टाकवणार नाही.

बाई म्हणाल्या, "काका, नाणं अस्सल आहे, पण फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचं. तिथली असली नाणी त्यामानानं फार स्वस्तात मिळतात."

दोन्हीकडची चांदी सारखीच वाजते.

तुझा,
लाईल