निळ्या रेषेच्या आतली जागा

मांजरी, पुणे
८ सप्टेंबर २०१९

प्रिय मंदाकिनी,

सप्रेम नमस्कार. फोनवर तू लगेच "बरं, ठेवते" म्हणतेस, म्हणून पत्र. तुझे गुडघे कसे आहेत? बेंगळुरूला नातीशी अजून इंग्रजीतच बोलावं लागतं का? मी ठीक. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सोबत कोण होतं विचारू नकोस. रिक्षावाला चांगला होता.

तुझा अर्धा प्लॉट विकायचा म्हणालीस. सर्जेराव नावाचं गिऱ्हाईक आलं होतं. त्याला भराव टाकून पत्र्याच्या खोल्या काढायच्या होत्या, मजुरांना भाड्याने द्यायला. मी म्हटलं, "अहो, ही जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे. इथे बांधकामाला परवानगीच नाही."

"बाई, रेषा कागदावर असते. जमिनीवर दिसते का कुठे?"

गेल्या महिन्यात दिसली होती. धरणातून पाणी सोडलं आणि तुझ्या जागेत नदी कमरेएवढी चढली. माझं घर निळ्या आणि लाल रेषेच्या मधे, जिथे उंच जोत्यावर बांधायला परवानगी मिळते. नियमाप्रमाणे जोतं उंच घेतलं होतं म्हणून पाणी पायरीशी थांबलं. त्या खोल्यांत लेकरं असती तर? तुला न विचारताच मी त्याला वाटेला लावलं.

रागावू नकोस, दुसरं गिऱ्हाईक आहे. हेमा नावाची मुलगी. तिला रोपवाटिका करायची आहे. बांधकाम नाही, त्यामुळे नियमात बसतं. कार्यालयात विचारूनही आली. सारखी येते. "काकू, मंदाकिनीताईंचा नंबर द्या ना." मी चहा करते आणि डायरी सापडत नाही म्हणते.

नंबर मला पाठ आहे.

स्टाफरूममध्ये बसून आपण शेजारी-शेजारी दोन घरं आखली होती. मग पूररेषेचा नकाशा आला, रेषा नेमकी आपल्या प्लॉटमधून गेली. तुझं घर बांधायचं राहिलं आणि तू लेकीकडे गेलीस. चूक कोणाचीच नाही. पण जागा विकली की तुझं इथे काही कामच उरणार नाही, एवढंच मनात होतं. इथे बोलायला कोणी नाही गं. कधी कधी पेपर मोठ्याने वाचते, घरात आवाज असावा म्हणून.

काल हेमाला नंबर दिला. जागा तिलाच दे. सहीला तुला यावं लागेल. परतीचं तिकीट मात्र आधी काढू नकोस. माझी मागची खोली रिकामी आहे. तिथून नदी दिसते.

वाट पाहतेय हे लिहायचं नव्हतं. लिहिलं.

तुझी,
रझिया